कोरूटीन आपोआप चालत नाही

प्रति,
मा. संपादक

महोदय,

आपल्या शैक्षणिक पुरवणीत पायथॉन शिकणाऱ्यांसाठी आलेल्या लेखात कोरूटीनची, म्हणजे मध्येच थांबून नंतर तिथूनच पुढे चालू करता येणाऱ्या फंक्शनची, ओळख ‘हलका थ्रेड’ अशी करून दिली आहे आणि ते मागच्या मागे आपोआप चालत राहते, असेही म्हटले आहे. विद्यार्थी हे वाक्य पाठ करतील, तोंडी परीक्षेत ते खपूनही जाईल. पण त्यावर विसंबून लिहिलेला प्रोग्रॅम पहिल्याच दिवशी अडकेल. म्हणून हा पत्रप्रपंच.

कोरूटीन आपोआप चालत नाही. ते कुणीतरी चालवावे लागते, आणि एकदा चालू झाले की स्वतःहून थांबेपर्यंत दुसऱ्या कुणाची पाळी येत नाही. थ्रेड म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः पाळी देऊन चालवते असा प्रोग्रॅमचा भाग; त्याच्याकडून ती मध्येच प्रोसेसर काढून घेते. इथे तो अधिकार कुणालाच नाही. पुणेकरांना हे अनंत चतुर्दशीवरून लगेच कळेल. लक्ष्मी रस्त्यावर एखाद्या मंडळाचे पथक वाजवत उभे राहिले की मागची रांग बेलबाग चौकापर्यंत जागच्या जागी थांबते. मागच्यांचे ढोल तयार असतात, पण पुढच्याने पाऊल उचलल्याशिवाय त्यांना हलता येत नाही. रस्त्यावर निदान पोलीस येऊन मंडळाला पुढे काढतात. इव्हेंट लूपमध्ये, म्हणजे कोरूटीनना पाळीपाळीने चालवणाऱ्या लूपमध्ये, तशी सोय नाही.

कोरूटीन हा शब्द मेल्विन कॉनवे यांनी १९५८ मध्ये योजला, १९६३ मध्ये त्यांचा शोधनिबंध छापून आला. विंडोज ३.१ आणि जुने मॅक याच, म्हणजे ज्याने त्याने आपणहून पाळी सोडण्याच्या, सहकारी पद्धतीने चालत, आणि एक प्रोग्रॅम हटून बसला की अख्खे यंत्र गोठे. तिथे ही पद्धत सोडून द्यावी लागली, कारण कुणाकुणाचे प्रोग्रॅम एकत्र चालत आणि सगळ्यांच्या समजूतदारपणावर भिस्त ठेवणे शक्य नव्हते. एकाच प्रोग्रॅमच्या आत मात्र सगळी कामे आपणच लिहिलेली असतात. तिथे ही पद्धत उत्तम चालते, असे आमचे ठाम मत आहे.

हाताने करून बघायला लुआ ही भाषा सगळ्यात सोयीची. १९९३ साली ब्राझीलमध्ये रिओच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मलेल्या या छोट्या भाषेत कोरूटीन २००३ च्या ५.० आवृत्तीपासून आहेत. क्रिएट केल्यावर कोरूटीन नुसते तयार होते, त्यातली एक ओळही चालत नाही. रिझ्यूम केले, म्हणजे चालू केले, की ते पहिल्या यील्डपर्यंत, म्हणजे ‘इथे थांब’ सांगणाऱ्या ओळीपर्यंत, जाते आणि आपली स्थानिक व्हेरिएबल्स व आपली जागा सांभाळून तिथे थांबते. पुढचा रिझ्यूम त्याला नेमके तिथून उचलतो. रिझ्यूमला दिलेली व्हॅल्यू आत यील्डच्या उत्तरात मिळते, यील्डला दिलेली व्हॅल्यू बाहेर रिझ्यूमच्या उत्तरात. ही देवाणघेवाण डोक्यात बसली की निम्मा विषय आला.

पहिला खड्डा इथेच आहे. आत चूक झाली तरी रिझ्यूम प्रोग्रॅम पाडत नाही. ते फॉल्स आणि चूक सांगणारा मजकूर परत करते. ते उत्तर तपासले नाही तर काम मुकाट्याने मरते आणि बाहेर सगळे सुरळीत दिसते. प्रत्येक रिझ्यूमचे पहिले उत्तर तपासावे, आणि फॉल्स आले तर त्याच कोरूटीनचा ट्रेसबॅक, म्हणजे चूक कुठून कुठे आली त्याचा माग, छापावा. मेलेल्या कोरूटीनचा स्टॅक, म्हणजे अर्धवट राहिलेल्या फंक्शनांची नोंद, तोवर शाबूत असतो, त्यामुळे चूक कोणत्या ओळीवर झाली ते कळते.

शेड्यूलर म्हणजे तरी काय? एक टेबल, म्हणजे लुआतली यादी, त्यात कोरूटीन, आणि त्यांना ओळीने रिझ्यूम करणारा लूप. वीसेक ओळींत होतो. पण त्यातली एक चूक जवळून बघण्यासारखी आहे. टेबलात अ, ब, क अशी तीन कामे आहेत आणि लूप १ ते ३ असा चालला आहे. पहिल्या क्रमांकावरचे अ संपले, म्हणून ते काढून टाकले. लगेच ब सरकून पहिल्या जागी येते आणि क दुसऱ्या. लूप मात्र आता २ वर गेला आहे. म्हणजे क चालले, ब ची पाळी बुडाली. पुढे लूप ३ वर जातो, कारण त्याची शेवटची मर्यादा सुरुवातीलाच ठरलेली असते. तिथे आता काहीच नाही, आणि रिकाम्या जागेला रिझ्यूम केल्याबद्दल प्रोग्रॅम पडतो. लूप शेवटून सुरुवातीकडे चालवला की दोन्ही प्रश्न सुटतात.

थांबायचे असेल तर कामाने ‘मला अमुक वेळेला उठव’ अशी वेळ यील्ड करावी आणि शेड्यूलरने ती घड्याळाशी ताडून बघावी. लुआमधले क्लॉक फंक्शन यासाठी वापरू नये. ते प्रोसेसरचा खर्च झालेला वेळ सांगते, भिंतीवरचा नव्हे; प्रोग्रॅम झोपला की ते जवळपास थांबते. आणि सगळीच कामे झोपलेली असताना लूप नुसता फिरत ठेवला तर प्रोसेसरचा एक कोअर शंभर टक्के जळत राहतो. सगळ्यात जवळची उठण्याची वेळ काढून तोवर खरोखर झोपावे. लुआच्या मूळ लायब्ररीत झोपण्याचे फंक्शन नाही, ते लुआसॉकेटसारख्या वेगळ्या लायब्ररीतून घ्यावे लागते.

आता पायथॉन. कोरूटीन लिहिण्यासाठीचे एसिंक आणि ते संपेपर्यंत वाट बघण्यासाठीचे अवेट हे शब्द २०१५ च्या ३.५ आवृत्तीत आले, पण खालचा कारभार तोच. एसिंक फंक्शन नुसते बोलावले तर हाती फक्त कोरूटीन येते, काम होत नाही. अवेट विसरलात तर ‘नेव्हर अवेटेड’ अशी सूचना दिसते. ती सूचना दुर्लक्ष करण्याची नाही. क्रिएट-टास्क करून कोरूटीन इव्हेंट लूपकडे सोपवल्यावर मिळालेला टास्क व्हेरिएबलमध्ये किंवा सेटमध्ये धरून ठेवावा. इव्हेंट लूप त्याला फक्त कच्च्या धाग्याने, म्हणजे वीक रेफरन्सने धरतो, त्यामुळे कुणीच न धरलेला टास्क अर्ध्यावर कचऱ्यात जाऊ शकतो. एसिंक फंक्शनात टाइम.स्लीप ५ लिहिले तर पाच सेकंद सगळीच कामे ठप्प. तिथे पायथॉनच्या एसिंकआयओ या लायब्ररीचेच स्लीप हवे. न टाळता येणारे अडवणारे काम टू-थ्रेडने वेगळ्या थ्रेडमध्ये काढावे, आणि लांबलचक आकडेमोडीत ठरावीक फेऱ्यांनंतर स्लीप शून्य अवेट करून इतरांना पाळी द्यावी. कोण अडवते आहे ते शोधायला डीबग मोड चालू करावा. एकाच टप्प्यात १०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ घेणाऱ्याचे नाव तो लॉगमध्ये छापतो.

कोरूटीनमध्ये लॉक, म्हणजे सामायिक माहितीला एका वेळी एकानेच हात लावावा यासाठीचे कुलूप, लागत नाही, हाही समज अर्धाच खरा आहे. दोन अवेटच्या मध्ये कुणी घुसत नाही हे बरोबर. पण नाटकाच्या तिकीट-प्रणालीत एकच खुर्ची उरली आहे असे धरा. पहिले काम शिल्लक वाचते, १. मग पैसे जमा होण्याची वाट बघत अवेट करते. तेवढ्यात दुसरे काम शिल्लक वाचते, तीही १. दोघांचे पैसे जमा होतात, दोघेही शिल्लक शून्य लिहितात, आणि एका खुर्चीवर दोन प्रेक्षक येतात. खुर्ची अवेटच्या आधीच राखून ठेवावी आणि पैसे आले नाहीत तर परत मोकळी करावी, किंवा एसिंकआयओचा लॉक वापरावा. पहिला मार्ग आम्हाला अधिक पसंत आहे; लॉक धरून पैशांची वाट बघणे म्हणजे पुन्हा रांग अडवणेच.

पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शिक्षकांना आमची कळकळीची विनंती आहे की, एसिंकआयओ शिकवण्याआधी एक प्रात्यक्षिक हाताने करून घ्यावे. लुआत तीन कामांचा शेड्यूलर लिहायचा. त्यातल्या एका कामात मुद्दाम दोन सेकंद चालणारा, यील्ड नसलेला लूप ठेवायचा आणि बाकी दोघांची पाळी किती वेळाने आली ते वहीत लिहायचे. मग त्याच लूपमध्ये दर हजार फेऱ्यांना एक यील्ड घालायचे आणि पुन्हा वेळा लिहायच्या. दोन रकाने शेजारी ठेवले की थ्रेड आणि कोरूटीन यांतला फरक वेगळा सांगावा लागणार नाही.

आणि आपल्याला विनंती एवढीच, की पुरवणीच्या पुढच्या अंकात ‘आपोआप’ या शब्दाची दुरुस्ती छापावी.

आपले,
प्रोग्रॅमिंगच्या व्यवसायातील दोन वाचक,
कोथरूड, पुणे ३८