काच शाबूत ठेवून सिलिकॉन वितळते, ते कसे?

संपादक महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीत मोबाइलच्या पडद्यांवर आलेल्या लेखात ‘लेसरच्या प्रचंड उष्णतेने सिलिकॉनचा थर वितळवला जातो’ असे एक वाक्य होते. थर वितळतो हे खरेच आहे, परंतु ‘प्रचंड उष्णता’ या शब्दांनी वाचकाचा गैरसमज होतो. सिलिकॉनचा द्रवणांक 1414 अंश सेल्सिअस आहे, तर ज्या काचेवर हा थर चढवलेला असतो ती साधारण 600 अंशांच्या पुढे आकार टिकवू शकत नाही. केवळ उष्णतेच्या जोरावर हे काम उरकायचे असते, तर सिलिकॉनच्या आधी काचच वाकली असती.

हा थर सुमारे 50 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही पातळ असतो. त्यावर झेनॉन क्लोराइड एक्सायमर लेसरचा 308 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश स्पंदांच्या, म्हणजे क्षणिक झोतांच्या, रूपात सोडतात. त्यातला बराचसा परावर्तित होतो आणि उरलेला वरच्या दहा-एक नॅनोमीटरमध्येच शोषला जातो, त्यामुळे प्रकाश म्हणून तो काचेपर्यंत पोहोचतच नाही. दर चौरस सेंटिमीटरला पडणारी ऊर्जा एका स्पंदात साधारण 0.35 ज्यूल असते. एवढ्या ऊर्जेने एक ग्रॅम पाण्याचे तापमान अंशाच्या दहाव्या भागानेही वाढणार नाही. पण ती अवघ्या 30 नॅनोसेकंदांत (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) ओतली जात असल्यामुळे तेवढ्या वेळेपुरती शक्ती चौरस सेंटिमीटरला एक कोटी वॅटच्या वर जाते, आणि इतक्या अल्प काळात उष्णता काचेत मायक्रोमीटरच्या जेमतेम दहाव्या भागापर्यंतच झिरपू शकते. समईच्या ज्योतीतून बोट झटकन फिरवले तर चटका बसत नाही, हे लहानपणी आपण सर्वांनीच करून पाहिले आहे.

लेखात ज्याचा उल्लेखही नव्हता, तो भाग मला याहून महत्त्वाचा वाटतो. नुसते वितळवणे हा हेतूच नसतो. मूळच्या अस्फटिकी थरातील अणूंची रचना विस्कळीत असते, ती वितळून पुन्हा गोठताना स्फटिकांत बसावी, यासाठी हा खटाटोप असतो. ऊर्जा कमी पडली तर थर वरवरच वितळतो आणि स्फटिककण बारीक राहतात. ती जास्त झाली तर संपूर्ण थर द्रवरूप होतो, स्फटिक वाढण्यासाठी बीजच उरत नाही, द्रव द्रवणांकाच्या बराच खाली जाईपर्यंत द्रवच राहतो आणि मग सगळीकडे एकदम गोठून पुन्हा बारीक कणांचाच चुरा हाती येतो. या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्ट्यात तळाशी तुरळक घन कण शिल्लक राहतात आणि, खडीसाखर दोऱ्याला धरून वाढावी तसे, त्यांच्यापासून मोठे स्फटिक आडवे पसरत जातात. कारखान्यातील खरी कसोटी लेसरची ऊर्जा स्पंदामागून स्पंद या पट्ट्यात राखण्याची असते. (थरात अडकलेला हायड्रोजन आधी भट्टीत सुमारे 450 अंशांना काढून टाकावा लागतो, नाहीतर लेसर पडताच तो उसळून बाहेर पडतो आणि थराच्या चिंध्या होतात.)

अशा बहुस्फटिकी सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनांची गतिशीलता, म्हणजे ते किती सहज सरकतात याचे माप, अस्फटिकी सिलिकॉनच्या सुमारे शंभरपट असते. त्यामुळे ट्रान्झिस्टर लहान करता येतात आणि पडदा चालवणाऱ्या मंडलाचा काही भाग थेट काचेवरच बसवता येतो.

म्हणून एक विनंती. लेसरविषयी लिहिताना तापमानाचा आकडा द्यावाच, पण त्याच वाक्यात थराची जाडी आणि स्पंदाचा काळ हे दोन आकडेही द्यावेत. ते दिले असते तर ‘प्रचंड’ हे विशेषण लेखकाने स्वतःच खोडले असते.

आपला विश्वासू,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, सांगली