हवामानाचा ठराव आराखड्यात कधी उतरणार?

मा. संपादक,

राज्य सरकारचे पर्यावरणासाठीचे 'माझी वसुंधरा' अभियान 2 ऑक्टोबर 2020 रोजी सुरू झाल्यापासून कोकणातल्या अनेक ग्रामपंचायतींनी हवामानाचे ठराव केले, शपथा घेतल्या, झाडे लावली, भिंती रंगवल्या. त्यात वाईट काहीच नाही. पण समुद्रकाठचे गाव बदलत्या हवामानाला तोंड द्यायला तयार आहे की नाही, हे त्याच्या विकास आराखड्यात कळते. बांध, उघाडी (बांधातले पाणी सोडायचे झडपेचे दार), विहीर आणि दरड यांच्यापुढे रक्कम, तारीख आणि जबाबदार माणसाचे नाव आहे का? नसेल तर तो ठराव कागदावरच राहिला.

खारबांधाचेच घ्या. अलिबाग-पेणच्या खारेपाटात खाडी आणि भातशेतीच्या मध्ये उभा असतो तो मातीचा बांध. उधाणाची भरती आणि जोराचा वारा एकदम आले की लाट माथ्यावरून आत पडते, शेताकडचा उतार धुपत जातो आणि खांड जाते (बांध फुटतो). म्हणजे मार समुद्राचा असला तरी बांध पुष्कळदा आतल्या बाजूने ढासळतो. दुरुस्तीचा दगड मात्र बाहेरच्या बाजूलाच पडतो. दुसरा शत्रू खेकड्यांची बिळे. वरून घमेलेभर माती टाकून बीळ बुजत नाही. ते शेवटपर्यंत उकरून चिकणमाती 15 ते 20 सेंटीमीटरच्या थरांनी ठोकून घट्ट भरावी लागते, नाहीतर पाणी त्याच वाटेने माती ओढून नेते. नवी माती दबते, तेव्हा माथा हवा त्याहून थोडा चढाच ठेवावा. उंची आठवणीवर ठरवू नये. जुलै-ऑगस्टच्या मोठ्या उधाणाला पाणी जिथवर चढले तिथे बांधावर दरवर्षी खूण करावी. माथा कुठे खचला आहे ते आपोआप दिसते.

उघाडीकडे तर त्याहून दुर्लक्ष. तिची झडप भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते, इतकी साधी रचना. बिजागरी गंजली किंवा ओंडका, प्लॅस्टिक अडकले की दोन बोटांची फट राहते आणि दर भरतीला खारे पाणी शेतात येते. मिटलेली अडकली तर उलटे होते, पावसाचे पाणी तुंबून रोप कुजते. मे महिन्यातल्या अमावास्येला, भरती पूर्ण चढली असताना, शेताच्या बाजूने उभे राहून पाणी कुठून पिचकारते ते पाहावे. ओहोटी लागली की झडप साफ करून बिजागरीला ग्रीस लावावे. एक जादा झडप गावातच तयार हवी. पनवेलच्या संशोधन केंद्राचे 'पनवेल-1', 'पनवेल-2', 'पनवेल-3' हे भाताचे वाण खारेपणा सोसतात, पण रोज दोनदा आत येणाऱ्या समुद्रापुढे वाण काय करणार?

बांध सरकारच्या खारभूमी विभागाच्या योजनेतला की खासगी, हे गट क्रमांकासह आराखड्यात आधीच नोंदवावे. खांड गेल्यावर हा वाद सुरू झाला तर पंधरा दिवसांत पुढचे उधाण येते आणि खांड दुप्पट होते.

डोंगराकडच्या वाड्यांचा प्रश्न वेगळा. 22 जुलै 2021 रोजी तळिये आणि 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, म्हणून यादीवर विसंबून चालणार नाही. प्रत्येक वाडीत पर्जन्यमापक आणि तो वाचणारी दोन माणसे हवीत. हवामान खात्याच्या वर्गवारीत 24 तासांत 115.6 मि.मी.पासून 'अति जोरदार' पावसाची श्रेणी सुरू होते; तो आकडा जवळ आला की रात्रीसुद्धा दर तासाला मोजणी व्हावी. घरांच्या वरच्या अंगाला जमिनीला भेग दिसली तर दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर टेपने मोजावे. अंतर वाढू लागले, झरा अचानक गढूळ झाला किंवा आटला, झाडे-खांब कलले, तर माणसे हलवावीत. हुकमाची वाट पाहू नये. कोणत्या शाळेत हलवायची आणि तिथल्या कुलपाची किल्ली कोणाकडे, हेही लिहिलेले असावे.

किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी मेअखेर तपासून क्लोराइडचा आकडा पंचायतीच्या फलकावर लावावा. भारतीय मानकात स्वीकार्य मर्यादा लिटरला 250 मि.ग्रॅ. आहे, दुसरा स्रोत नसेल तर 1000. आकडा दरवर्षी चढत असेल तर बहुधा उपसा वाढलेला असतो. तिथे आणखी खोल बोअर मारणे म्हणजे खारे पाणी वर ओढणे.

आता वेळापत्रक, कारण सगळे तिथेच अडते. आराखड्याच्या ग्रामसभा 2 ऑक्टोबरपासून होतात, पैसा पुढच्या एप्रिलनंतर येतो, तांत्रिक मंजुरीत मे सरतो आणि पाऊस दारात येतो. मातीचे काम भातकापणीनंतर, डिसेंबर ते मे याच काळात होते. म्हणून शाखा अभियंत्याकडून अंदाजपत्रक डिसेंबरमध्येच करून घ्यावे आणि बिळे बुजवणे, चर साफ करणे अशी कामे रोजगार हमीच्या यादीत घालावीत. जिल्हा परिषदेनेही अशा गावांच्या मंजुऱ्या मार्चअखेरपर्यंत द्याव्यात. बांधापुढचे कांदळवन लाटेचा जोर मोडते, ते राखायलाच हवे; पण दुरुस्तीसाठी थोडेही तोडावे लागणार असेल तर परवानगीचा अर्ज दिवाळीनंतर लगेच जावा, कारण मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर ती वाट लांबची झाली आहे.

— खारबांध व पाणलोटाच्या कामातील कार्यकर्ते, रायगड जिल्हा