कस्तुरबांच्या नावाच्या स्वयंपाकघराचा हिशेब: मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

शाळा उघडायच्या आत किराण्याचे पैसे जमा होतील, असा आपला शब्द होता. दिवाळीची सुट्टी तोंडावर आली, खात्यात दमडी नाही. आलं ते पार्सल: हात कसे धुवावेत याची रंगीत पोस्टरं. कागद झकास जाड आहे. भिंतीला ओल असल्याने चिकटत मात्र नाहीत.

कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय ही मुलींची सरकारी निवासी शाळा; तिचं स्वयंपाकघर आपण पाहिलं नसेल, म्हणून मांडतो. 100 मुली, सहावी ते आठवी. शालेय पोषण आहाराच्या मापाने या वयाला एका जेवणाला 150 ग्रॅम तांदूळ, 30 ग्रॅम डाळ, 75 ग्रॅम भाजी. म्हणजे एका वेळेला 15 किलो तांदूळ, 3 किलो तूरडाळ, साडेसात किलो भाजी. रात्रीचं जेवण, नाश्ता आणि रविवार निवासी खर्चातून. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या 2018 च्या आराखड्यात त्यासाठी मुलीमागे महिना 1500 रुपये धरले, दिवसाचे 50. तेही वेळेवर आले तर.

नाही आले की दुकानदार पहिला महिना उधार देतो, दुसऱ्या महिन्यात डाळीचं पोतं अडवतो. मग 3 किलोची 2 किलो होते. पातेलं तेवढंच, पाणी वाढतं. चमचाभर हळद जास्त टाकली की रंग टिकतो आणि तपासणीच्या साहेबांना काही कळत नाही. पोरींना कळतं. त्या वरण बाजूला सारून भात लोणच्याशी खातात.

पाण्याचंही तेच. वसतिगृहाला माणशी रोज 135 लिटर धरतात, म्हणजे साडेतेरा हजार. 5,000 लिटरचा एकच टँकर आला की आधी धुणं बंद होतं, मग अंघोळ. पॅड जाळायचं यंत्र आहे; उद्घाटनाचा फोटोही आहे. ओले पॅड एकदम कोंबले की कॉइल जळते. नवी कॉइल टाकायला दुरुस्तीची मंजुरी लागते. ती येईस्तोवर पॅड संडासात जातात, चेंबर तुंबतो, आणि चेंबर उपसायला पैसे खर्चाच्या कुठल्या शीर्षातून काढायचे ते कोणी सांगत नाही.

ज्यांच्या तसबिरीला तुम्ही हार घालता त्या बा, म्हणजे कस्तुरबा, 1917 मध्ये बिहारच्या चंपारणातल्या भितिहरवा गावी गांधीजींच्या शाळेच्या कामात होत्या. मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले, पुण्याच्या आनंदीबाई वैशंपायन याच मोहिमेत शिकवायला गेल्या होत्या. बा बायकांना कपडे धुवायला सांगू लागल्या, तेव्हा एकीने त्यांना झोपडीत नेऊन दाखवलं: अंगावरची एवढीच साडी, धुऊ कधी? गांधीजींनी हे लिहून ठेवलंय. बा निदान झोपडीत तरी शिरल्या. तुमचं पोस्टर बाहेरच थांबतं.

आणि आम्ही? करार 11 महिन्यांचा. मध्यरात्री पोरीला ताप चढला तर गाडीभाडं आमच्या खिशातून, त्याची पावती मान्य नाही, कारण रिक्षावाला जीएसटी क्रमांक देत नाही! चार महिन्यांचं मानधन थकलंय आणि हजेरीचं ॲप मात्र सकाळी एक मिनिट उशीर माफ करत नाही.

खर्चात केंद्राचे 60 टक्के, राज्याचे 40, हा वाद तुमचा तुम्ही मिटवा. मार्चमध्ये पैसे येतात आणि 31 तारखेच्या आत खर्चा म्हणतात. मग ताट-वाट्या घेतल्या जातात. जूनमध्ये त्यांत वाढायला काही नसतं. 22 फेब्रुवारी 1944 ला बा पुण्यात, आगाखान पॅलेसच्या कैदेत असतानाच वारल्या. त्यांच्या नावाच्या निधीचं उद्दिष्ट होतं 75 लाख, आणि गुलाम देशाने ते भरलं. स्वतंत्र देशाकडून आमचं वाण्याचं बिल भरलं जात नाही.

योजना बारावीपर्यंत नेण्याची सोय 2018 पासून कागदावर आहे. आमच्याकडे आठवीनंतर पोरगी घरी जाते, तिथून ऊसतोडीच्या टोळीत किंवा बोहल्यावर. नववीचा वर्ग द्या, किराण्याचे पैसे जूनआधी द्या, कॉइल बदलायचा अधिकार वॉर्डनला द्या.

दुकानदाराने सोमवारची मुदत दिली आहे. आज वरणात दीड किलोच डाळ पडली.

आपले,
विद्यालयातील कंत्राटी कर्मचारी