व्हाइटहॉर्सहून (युकॉन, कॅनडा) पत्र

ती. आई-बाबांना सा. न.

मी बरी आहे. परवा फोनवर आवाज बसलेला वाटला तो सर्दीमुळे, रडले वगैरे नव्हते. थंडी उणे तीसवर गेली, पण बाहेर असते ती बसस्टॉपपर्यंतची पाच मिनिटं. आणि आई, वेळेवर जेवते मी. डिंकाचे चार लाडू अजून शिल्लक आहेत.

अकराला उजाडतं नि पाचच्या आत अंधार पडतो, म्हणून मी एकटी बसत असेन असं तुम्हाला वाटतं. नाही बसत. घरमालकीणबाई सातला सगळे दिवे मालवतात आणि मला हाक मारतात. मग काळोखात जुनी नभोनाट्यं ऐकायची. आधी वाटलं, वीज वाचवत असतील. तसं नाही. दिवा असला की नजर खोलीतच अडकते, बर्फ दिसत नाही, असं त्या म्हणतात. त्या लहानपणी डेट्रॉइटजवळ राहायच्या. ‘चॅलेंज ऑफ द युकॉन’ हे नभोनाट्य 1938 साली तिथल्याच रेडिओ केंद्रावर सुरू झालं. 1896 मध्ये इकडे क्लोंडाइकला सोनं सापडलं, त्यानंतरच्या धामधुमीतल्या गोष्टी. घोडेस्वार पोलिसांतला सार्जंट प्रेस्टन आणि त्याचा कुत्रा किंग. किंगचं भुंकणं चक्क एक माणूस करायचा! रेडिओवर बर्फातली पावलं कॉर्नफ्लॉवरची पिशवी दाबून काढत. मी स्वयंपाकघरात करून पाहिलं. सकाळी माझ्या बुटांखाली वाजतं ना, अगदी तसंच करकरलं.

बाबा, तुम्ही सातबारा बघितल्याशिवाय जमिनीचं बोलत नाही, म्हणून हे सांगते. बाईंच्या भिंतीवर एका चौरस इंचाचं खरेदीखत फ्रेम करून लावलंय. 1955 मध्ये या कार्यक्रमाच्या प्रायोजकांनी, क्वेकर कंपनीने, कुरमुऱ्यांसारख्या नाश्त्याच्या खोक्यांतून अशी 2 कोटी 10 लाख खतं वाटली. जमीन खरी होती, इकडच्या डॉसन गावाजवळ 19 एकर. पण इंचांची नोंद कुणाच्याच नावे झाली नाही, आणि 1965 मध्ये 37 डॉलर 20 सेंट कर थकला म्हणून ती सरकारजमा झाली. बाई तरी रोज काच पुसतात. त्या कागदापायीच मोठेपणी इकडे आल्या.

दिवे गेले की मला आजीची खोली दिसते. सांगली केंद्रावरची श्रुतिका, आणि पाठीवरून फिरणारा तिचा हात. तिच्या दिवसांना यायला हवं होतं मी. रजा मिळाली नाही, हे खरंच सांगितलं होतं.

पैसे जमा झाले असतील. आधी सोसायटीचा हप्ता भरा, उरले तर दादाच्या लग्नाच्या हॉलला द्या. तिकिटासाठी ठेवलेलेच पाठवलेत, त्यामुळे वैशाखात येणं अवघड आहे. दादाला मीच सांगेन. आत्याने पाठवलेला फोटो पाहिला. मुलगा चांगला दिसतो. आत्ताच हो म्हणू नका, पण नाहीही म्हणू नका.

आजीचा रेडिओ भंगारात देऊ नका. आतले सेल तेवढे काढून ठेवा, गळतात.

तुमची,
वैशू