पोषण आहाराच्या मावशींना, मनापासून

मावशी, सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहिते आहे. पहिली-दुसरीची मुलं इंग्रजीतून खाण्याच्या वस्तूंची नावं न अडखळता सांगतात, याचं कौतुक केंद्रप्रमुखांपासून पालकांपर्यंत सगळे माझ्यापाशी करतात. त्यातलं निम्म्याहून जास्त काम तुमचं आहे.

२००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. वर्गात तक्ता असतो, त्यावर सफरचंद, द्राक्षं, केक. मुलं ते सुरात म्हणतातही. पण तक्त्यावरचं मागून काही हातात पडत नाही. तुमच्याकडे मागितलं की ताटात पडतं, आणि नवशिक्या मुलासाठी हा फरक फार मोठा आहे.

म्हणून तुम्ही आदल्या दिवशीच मला सांगायला लागलात, ‘बाई, उद्या मटकी आहे,’ ‘उद्या वाटाणा आहे.’ सकाळच्या तासाला मी तेवढेच चार शब्द घ्यायचे आणि दुपारी रांगेत तेच शब्द मुलांच्या तोंडी यायचे. ‘सम राईस, प्लीज.’ ‘मोअर दाल, प्लीज.’ तुम्ही पळी हातात धरून पूर्ण वाक्य ऐकून घ्यायचात. आणि ज्याच्या तोंडून शब्द फुटत नसे त्याच्या ताटात तुम्ही आधी वाढायचात, भरपूर वाढायचात. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. जेवण हा मुलांचा हक्क आहे, तो कुठल्या भाषेच्या परीक्षेवर टांगायचा नसतो, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. भीती नव्हती म्हणूनच बुजरी मुलंही बोलती झाली.

इंग्रजीत कांद्या-बटाट्याला शेवटी ‘स’ लागतो आणि तांदूळ, मीठ, तेलाला लागत नाही, हे सहा-सात वर्षांच्या मुलाला समजावणं सोपं नाही. तुम्ही किचन शेडच्या ओट्यावर एका बाजूला परडी ठेवलीत, दुसऱ्या बाजूला माप. ‘जे मी मोजून घेते ते इकडे, जे मापून घेते ते तिकडे.’ मुलांनी स्वतः वस्तू लावल्या. परडीतल्या झाल्या ‘थ्री अनियन्स’, ‘फाइव्ह टोमॅटोज’. मापाकडचं झालं ‘सम सॉल्ट’, ‘सम ऑइल’. व्याकरणाचा एकही नियम न सांगता हे मुलांच्या अंगवळणी पडलं. मग आपण वजनकाटाही काढला. पहिली ते पाचवीला एका मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी धरतात. मुलांनी आपापल्या वाट्याचे तांदूळ तोलून पाहिले, ‘हंड्रेड ग्रॅम्स’ म्हणत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं, आणि न खाणाऱ्याला केळं, असा निर्णय आला तेव्हा तर प्रश्न विचारायला खरं निमित्तच मिळालं. ‘ॲन एग ऑर अ बनाना?’ तुम्ही हे इतकं सहज विचारायचात की मुलं ‘ॲन’ आणि ‘अ’ जागच्या जागी वापरू लागली. खोटा प्रश्न मुलांना लगेच कळतो. हा खरा होता, उत्तरावर काहीतरी अवलंबून होतं.

धुणं, सोलणं, चिरणं, ढवळणं ही क्रियापदंही तुमच्या हातांकडे बघूनच आली. चुलीपासून लांब आखलेल्या रेषेमागे मुलांना बसवायचा तुमचा नियम मी इतर शाळांतल्या बाईंनाही सांगते.

तुमचं मानधन तुटपुंजं आहे, आणि त्यात हे काम कुठेच धरलेलं नाही. ते धरलं जावं असं मला वाटतं, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी हे बोलणार आहे. तुम्हीही या, शेजारी बसा.

येत्या जूनमध्ये नवी पहिली येईल. पालेभाज्यांपासून सुरुवात करू या का? मेथी, पालक, कोथिंबीर निवडायला मुलांना आवडतं, आणि निवडता निवडता भरपूर बोलणं होतं. क्रम तुम्ही ठरवा, शब्दांच्या पट्ट्या मी तयार ठेवते.

तुमची,
पहिली-दुसरीच्या वर्गाच्या बाई