हौद्याच्या फळ्यांना कोणता हात द्यावा: एका काकांना आभारपत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

माझ्या १९५३ सालच्या शेव्हर्ले ३१०० पिकअपच्या हौद्यात आता पांढऱ्या ओकच्या नव्या फळ्या बसल्या आहेत. त्यांवर कोणते फिनिश, म्हणजे लाकूड राखणारा शेवटचा हात, द्यावे, या माझ्या प्रश्नाची आपण ज्या धीराने उकल करून दिलीत, त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. आभार मानण्यासारखे काही केले नाही, असे आपण म्हणालात. परंतु मिशिगनमध्ये जुन्या गाडीची हौस बाळगणारी आणखीही मराठी मंडळी माझ्या ओळखीची आहेत आणि तीही याच प्रश्नापाशी अडणार आहेत. म्हणून आपल्या परवानगीने हे पत्र सर्वांसमोर ठेवते.

सर्वांत टिकाऊ व्हार्निश कोणते, एवढेच मी विचारले होते. त्यावर कोणत्याही डब्याचे नाव न घेता आपण मलाच विचारलेत की गाडी रात्री कुठे उभी असते, हौद्यात काय काय पडते, आणि दर वर्षी ब्रश हातात घेण्याची माझी तयारी आहे का. गाडी गॅरेजमध्ये असते, पण तिच्यातून कंपोस्ट खत, जळाऊ लाकूड आणि फावडी जातात, हे ऐकल्यावर आपण म्हणालात की फिनिश किती वर्षे टिकते यापेक्षा ते बिघडते कसे आणि बिघडल्यावर दुरुस्त कसे होते, हे आधी पाहावे. पुढचा सगळा निर्णय या एका वाक्यावर झाला.

माझा कल पॉलियुरेथेनकडे, म्हणजे कडक पारदर्शक थर देणाऱ्या व्हार्निशकडे होता, कारण घरातल्या लाकडी जमिनीवर ते वर्षानुवर्षे टिकलेले मी पाहिले आहे. मात्र उघड्यावर ऊन पारदर्शक थरातून आत शिरते, थराखालच्या लाकडातील तंतू जखडून ठेवणारे लिग्निन नष्ट करते, आणि मग थर स्वतः धड असूनही त्याची लाकडावरची पकड सुटून पोपडे निघतात, हे आपण समजावून सांगितल्यावर तो कल ओसरला. शिडाच्या जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी घडलेले स्पार व्हार्निश त्या मानाने लवचिक असते, लाकडाबरोबर फुगते-आकसते आणि त्यात ऊन शोषणारे घटकही असतात. केवळ मिरवण्याची गाडी असती, तर आपण तेच सुचवले असते. पण फावड्याचा एक ओरखडा त्या थराला आरपार गेला, की पाणी आत शिरून थराखालून पसरते, डाग काळा पडतो आणि ठिगळ लावून भागत नाही. अख्खी फळी खरवडावी लागते. गाडीच्या पत्र्यावर मारतात तो टू-के क्लिअर कोट (दोन घटक मिसळून होणारा पारदर्शक लेप) तर आपण दोन वाक्यांत निकालात काढलात: पत्रा हवेतल्या दमटपणाने फुगत-आकसत नाही, लाकूड फुगते-आकसते.

लाकडाच्या निवडीचा तर आपण प्रयोगच करून दाखवलात. तांबड्या ओकची एक काठी साबणाच्या पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने फुंकर मारलीत, तेव्हा पाण्यातल्या टोकातून बुडबुडे आले. पांढऱ्या ओकच्या तेवढ्याच काठीतून एकही आला नाही. पांढऱ्या ओकच्या नळ्या टायलोसिस नावाच्या फुगवट्यांनी बुजलेल्या असतात, म्हणूनच बर्बन या अमेरिकन व्हिस्कीची पिंपे त्याची होतात, हे नुसते वाचून माझ्या लक्षात राहिले नसते. वखारीत तांबडा ओक स्वस्त मिळत होता आणि मी तोच उचलणार होते, हे आपण बहुधा ताडले असावे.

शेवटी आपल्या सल्ल्याप्रमाणे लाकडात मुरणारे, रंगद्रव्य असलेले तेल ठरले. बिनरंगी तेलापुढे ऊन फारसे अडत नाही. रंगद्रव्याचे कण मात्र ते अडवतात, हे त्यामागचे कारण. फळ्या १२० नंबरच्या पॉलिश पेपरवरच थांबवाव्यात, कारण त्याहून गुळगुळीत केल्यास तेल कमी मुरते. आणि तेल लावल्यावर वर राहिलेले पुसून काढावे, नाहीतर ते चिकट राहते, या दोन्ही सूचना अगदी उपयोगी पडल्या. त्याहून मोलाचा ठरला तो खालच्या बाजूविषयीचा आग्रह. वरून तेल आणि खालून कोरे लाकूड, अशी फळी दोन बाजूंनी वेगवेगळा ओलावा घेते आणि बाक धरते. इथल्या हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे, चाकांनी उडवलेले पाणी तर खालूनच येते. म्हणून प्रत्येक फळीला चहूबाजूंनी सारखेच हात दिले, आणि दोन्ही टोके व फ्रेमला जोडणाऱ्या बोल्टांची छिद्रे पातळ इपॉक्सीने बंद केली.

लोखंडाबद्दलचा इशाराही इथे नोंदवते. ओकमधले टॅनिन हे तुरट द्रव्य, पाणी आणि लोखंड एकत्र आले की निळसर काळा डाग पडतो. ओकच्या तुकड्यावर आपण रात्रभर ठेवलेल्या ओल्या वॉशरखाली उमटलेले ते काळे कडे पाहिल्यावर फळ्यांमधल्या पट्ट्या आणि बोल्ट स्टेनलेसचेच घेतले. आणि एक गोष्ट इतरांसाठी विशेष आवर्जून लिहावीशी वाटते: जवसाचे किंवा तशा जातीचे तेल पुसलेली फडकी चुरगळून टाकू नयेत, कारण तेल वाळताना उष्णता बाहेर पडते आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. मी ती बाहेर एकेक पसरून वाळवली आणि मगच फेकली.

कारखान्यातून निघताना या गाड्यांच्या हौद्यात साध्या पाइनच्या, काळा रंग मारलेल्या फळ्या असत आणि आरशासारखा चकचकाट ही पुढच्या हौशी मंडळींची भर आहे, असे आपण हसत सांगितलेत. तरीही माझे मन त्या चकचकाटात थोडे अडकलेच आहे, हे लपवत नाही. आताचा रंग मंद तपकिरी आहे. लाकडाची नस त्यात स्पष्ट दिसते, पण उजेड पडला तरी फळी चमकत नाही.

परवा पहिले जळाऊ लाकूड वाहिले आणि मागच्या फाळक्याजवळ एक लांब ओरखडा पडला. तेवढीच जागा घासून तेलाचा एक हात दिला. वाळल्यावर ओरखडा शोधावा लागला. उरलेले तेल डब्यात घट्ट झाकून ठेवले आहे. पुढच्या वसंतात वार्षिक हात द्यायची वेळ येईल, तेव्हा आधी धुवायला काय वापरावे, हे विचारण्यासाठी पुन्हा फोन करीन.

काकूंना नमस्कार सांगावा.

आपली कृतज्ञ,
३१०० वाली