व्हेलोसिरॅप्टरला त्याची पिसे परत द्या

महोदय,

सुट्टीत नातवाला घेऊन एका बागेत गेले होते. तिथे डायनोसॉरचे सिमेंटचे पुतळे आहेत. त्यातला एक माझ्याहून उंच, हिरवट-तपकिरी, सरड्यासारख्या कातडीचा. खाली पाटी : ‘व्हेलोसिरॅप्टर’. नातवाने तो सिनेमातला म्हणून लगेच ओळखला. तीस वर्षे विज्ञान शिकवल्यामुळे मला गप्प बसवेना, म्हणून हे पत्र.

खरा व्हेलोसिरॅप्टर उभा राहिला तर जेमतेम माझ्या मांडीपर्यंत आला असता. वजन साधारण पंधरा-वीस किलो. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दोनेक मीटर लांब, आणि त्यातही बरीचशी शेपटीच. त्याचे जीवाश्म पहिल्यांदा १९२३ साली मंगोलियातल्या गोबी वाळवंटात सापडले. १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’मधला धिप्पाड प्राणी खरे तर त्याच्या अमेरिकेतल्या मोठ्या भाऊबंदावर, डायनोनिकसवर, बेतलेला आहे. पडद्यावर नाव मात्र व्हेलोसिरॅप्टरचे आले आणि तेच पोरांच्या तोंडी बसले.

उंचीपेक्षाही मला खटकते ती उघडी कातडी. पक्ष्यांच्या पंखातल्या हाडावर, जिथे मोठी पिसे घट्ट धरलेली असतात तिथे, अनेकदा ओळीने बारीक उंचवटे असतात. तसेच उंचवटे व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर मिळाल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे या प्राण्याच्या हातांवर चांगली मोठी पिसे होती. उडता येत नव्हते, तरी होती! १९९३ च्या सिनेमाला मी दोष देत नाही. चीनमध्ये पिसांचे ठसे असलेला पहिला डायनोसॉर मिळाला तोच १९९६ मध्ये. पण २०१५ साली त्याच मालिकेचा नवा भाग आला, तेव्हाही रॅप्टर बिनपिसांचेच होते. याला काय म्हणायचे?

त्याच्या पायाच्या वाकड्या नखाचेही तसेच. सिनेमात ते भक्ष्याचे पोट फाडायचे हत्यार आहे. आता अनेक अभ्यासकांना वाटते की ते भक्ष्य दाबून धरण्यासाठी होते. आपल्याकडचा शिकरा पक्षी सरडा कसा पायाखाली दाबून ठेवतो ते ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे समजावावे लागणार नाही. १९७१ साली गोबीत एक व्हेलोसिरॅप्टर आणि एक प्रोटोसेराटॉप्स (चोच असलेला शाकाहारी डायनोसॉर) झुंजतानाच गाडले गेलेले सापडले. एकाचे नख दुसऱ्याच्या मानेपाशी, आणि नख लावणाऱ्याचा हात त्या दुसऱ्याच्या चोचीत. सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वीचा तो क्षण दगडात जसाच्या तसा राहिला आहे. मुलांना हे सांगितले की ती सिनेमा विसरून प्रश्न विचारू लागतात, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

आणि आम्हा वरोऱ्याच्या लोकांना तर गोबीपर्यंतही जायला नको. आमच्याच तालुक्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडे मिळाली आहेत आणि दगड झालेल्या लेंड्याही. त्या लेंड्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले. डायनोसॉरच्या काळात गवत होते, याचा पुरावा जगाला आमच्या मातीने दिला. तालुक्यातल्या किती शाळांत हे सांगितले जात असेल?

माझी विनंती साधी आहे. डायनोसॉरचा असा सिनेमा आला की आपल्या पुरवणीत त्याचे मोठे चित्र येते. त्याच्या शेजारी खऱ्या प्राण्याचे एक चित्र छापा, पिसांसकट, आणि मापाला बाजूला माणूस उभा करून. पिसदुऱ्यावरही मुलांच्या पानात एकदा सविस्तर लिहा. त्या बागेच्या व्यवस्थापनाला मी वेगळे पत्र दिले आहे. पुतळा बदलणे खर्चाचे असेल, पण पाटी तर बदलता येईल.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, वरोरा (जि. चंद्रपूर)